नेमसिंगचा पाय

वसमतचा फुटबॉलचा संघ हिंगोलीच्या स्टेशनात उतरला, की हमालांपासून टांगेवाल्यांपर्यंत सगळे त्याला त्याची कुंडली वाचून दाखवायचे. "छत्तीस साली तीन-शून्य. सदतीस साली चार-एक. औंदा किती घेऊन जाता, पाव्हणे?"

तालुक्यातालुक्यांची ढाल, म्हणजे शील्डची स्पर्धा, दर हिवाळ्यात हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर खेळली जायची. पलटणी केव्हाच निघून गेल्या होत्या, पण फुटबॉल मागे राहिला होता. जिंतूर, कळमनुरी, परभणी अशी सगळीकडची माणसं यायची, दोनतीन दिवस धूळ उडायची आणि शेवटच्या सामन्याला बहुतेक वेळा हिंगोली आणि वसमत असे दोघेच उरायचे. मग वसमत हरायचं. वसमतनं ढाल कधी जिंकली नव्हती. हिंगोलीची पोरं बूट घालून खेळायची. वसमतची अनवाणी.

मल्हारी आणि भुजंग हे दोघे भाऊ या वसमतच्या संघात होते. जातीचे धनगर, गाव शिरड शहापूर. थोरला मल्हारी कापसाच्या हंगामात वसमतच्या जिनिंगमध्ये गठड्या वाहायला जायचा. तिथल्या मकबूल मुकादमानं हैदराबादेत असताना फुटबॉल शिकून घेतला होता. एक बिथरलेला बोकड जिनिंगच्या आवारात घुसला आणि मल्हारीनं त्याला पळत जाऊन, वळवून, कोपऱ्यात कोंडून धरला, ते मुकादमानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मल्हारीच्या पुढ्यात बॉल टाकला. "समज, हा बकरा हाये," तो म्हणाला. "कळप सोडून जाऊ द्यायचा न्हाई."

मल्हारी मधल्या फळीत भक्कम उभा राहायचा. पण खरा खेळ धाकट्याचा. भुजंग वीस वर्षांचा, अंगानं काटक, उजव्या कडेनं बॉल घेऊन निघाला की मैदानातली माणसं आपोआप उभी राहायची. मेंढरामागं रानोमाळ हिंडून त्याच्या पायांना असं वळण पडलं होतं, की जमीन त्याला सांगायची आणि तो वळायचा. पलीकडच्याला तो वळला हे कळेपर्यंत चार पावलं उशीर झालेला असायचा.

अडतीस सालच्या शेवटच्या सामन्यात त्यानं नेमसिंगला असं दोनदा फसवलं.

नेमसिंग हिंगोलीचा. बाप छावणीत हवालदार होता. पोरगा उंचापुरा, छातीचा रुंद, संघाचा कणा. अडवायचाही तोच आणि गोल मारायचाही तोच. पहिल्यांदा भुजंग त्याच्या बगलेतून निघून गेला तेव्हा लोक गप्प राहिले. दुसऱ्यांदा नेमसिंग भोवंडून बसकण मारून खाली बसला, आणि हिंगोलीचीच माणसं हिंगोलीच्या पहिलवानाला हसली.

तिसऱ्यांदा नेमसिंग बॉलकडे आला नाही. तो दोन्ही बूट पुढं करून भुजंगच्या गुडघ्याकडे आला.

ओलं लाकूड मोडावं तसा आवाज मल्हारीला वीस हातांवरून ऐकू आला. रेफरी कुणी बाहेरगावचे साहेब होते. त्यांनी हात हलवून खेळ चालू ठेवायला सांगितलं. भुजंग धुळीत पालथा पडला होता, त्याचा पाय नको त्या बाजूला वळला होता, आणि मल्हारी धावत येऊन नेमसिंगच्या अंगावर गेला. चौघांनी त्याला धरलं. नेमसिंग कपडे झटकत उभा होता. त्यानं भुजंगकडे बघितलं, मल्हारीच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "अनवाणी येता काहून मंग?"

वसमत त्या दिवशी तीन-शून्यनं हरलं. पण मल्हारीच्या कानात तो आकडा कधी गेलाच नाही. तिथं एवढं एकच वाक्य बसून राहिलं.

*

भुजंगचा गुडघा बसला तो वाकडाच. हाडवैद्यानं बांधला, सोडला, पुन्हा बांधला. सहा महिन्यांनी तो बाभळीचा सोटा टेकत उभा राहिला आणि त्याला कळलं, की यापुढं पाय वाकणार नाही. मेंढरांमागं जाता येईना. जमलेली सोयरीक मोडली. पोरीच्या बापानं निरोप धाडला, की बसून खाणाऱ्या धनगराला पोरगी देऊन मी काय करू? आई पंचफुलाबाई त्या दिवशी चुलीपुढं बसून रडली. भुजंग रडला नाही. तो मेंढरांच्या वाड्यावर बसून लोकर कातायला लागला, आजारी कोकरांना सांभाळायला लागला, मोडलेल्या तंगड्या बांधायला लागला. फुटबॉलचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. नेमसिंगचंही नाही.

नेमसिंगचं नाव भुजंगच्या वाट्याचंही मल्हारीच मनात काढत राहिला. सकाळी भुजंग उठताना भिंतीला हात लावायचा, तेव्हा मल्हारी बघायचा. नदीच्या उताराला भुजंग बसून घसरत खाली जायचा, तेव्हा मल्हारी बघायचा. बघून झालं, की ते सगळं नेमसिंगच्या नावावर चढवून ठेवायचा. भाकरी खाताना त्याच्या जबड्याची हाडं वर यायची. बायको शालूबाई त्याला म्हणायची, "घास चावून राहिले, का माणूस चावून राहिले?"

चाळीस साली त्यानं मोच्याकडून बूट शिवून घेतले आणि टाचेला लोखंडाचे नाल ठोकून घेतले. शेवटच्या सामन्यात तो आपली जागा सोडून सगळा वेळ नेमसिंगच्या मागं पळाला. बुटांनी त्याचेच पाय सोलले. नेमसिंग हसत हसत बाजूला व्हायचा आणि मल्हारी बैलासारखा पुढं निघून जायचा. त्यानं सोडलेल्या जागेतून हिंगोलीनं पाच गोल घातले. परतीच्या गाडीत मकबूल मुकादमानं ते बूट खिडकीतून फेकून दिले. "तुला शील्ड पाहिजे का खून पाहिजे?" तो ओरडला. "दोन्ही एका पायानं होत न्हाई!"

मल्हारी सोललेल्या टाचा चोळत राहिला. आपल्याला काय पाहिजे, हे त्याला स्वतःला माहीत होतं.

मग लढाईचे दिवस आले. दोनतीन वर्षं ढालीचे सामने भरलेच नाहीत. मल्हारीला वाटलं, नेमसिंग आता हातातून गेला. आणि चव्वेचाळीसच्या दिवाळीनंतर एक दिवस जिनिंगच्या फाटकातून नेमसिंग आपण होऊन आत आला. खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. मकबूल मुकादम त्याच्या पुढं चालत होता.

"फिटर म्हणून आला हाये," मुकादमानं संघातल्या सगळ्यांना सांगितलं. "अन् औंदा आपल्याकडून खेळणार हाये. हिंगोलीवाल्यांनी याला काढलं. हैदराबादेहून नवीन पोरगं आणलं, अन् याला म्हणाले, तुझं वय झालं. ज्याला शील्ड पाहिजे, त्यानं मागचं बोलायचं न्हाई."

सगळे मल्हारीकडे बघायला लागले. गोलरक्षक नासेर तर त्याच्या जवळ सरकून उभा राहिला, वेळ पडली तर कमरेला मिठी घालता यावी म्हणून.

मल्हारी म्हणाला, "मला काई तकलीफ न्हाई."

त्या संध्याकाळी शालूबाईनं विचारलं, की खरंच त्याच्यासंगं खेळणार का? मल्हारी म्हणाला, "खेळणार. पाय तर काय, सरावात कवाबी मोडता येईल. पण ते कुणी बघणार न्हाई. मला त्याला हिंगोलीत मोडायचा हाये. त्याच मैदानात. त्याच माणसांपुढं."

"ज्याचा पाय गेला त्याला एकदा इचारलं का?"

"त्याला काय इचारायचं? तो काई बोलतो का?"

*

त्या हिवाळ्यात वसमतचा जो खेळ झाला, तसा आधी कधी झाला नव्हता. मल्हारी मागून बॉल उचलायचा आणि नेमसिंग कुठं असेल ते न बघता टाकायचा. बॉल बरोबर नेमसिंगच्या पायापुढं पडायचा. वैरी कुठं उभा आहे, कुठल्या पायावर भार देतो, कुठून वळतो, हे मल्हारीनं इतकी वर्षं इतक्या बारकाईनं बघितलं होतं, की सख्ख्या भावालाही त्यानं तेवढं बघितलं नसेल. लोकांना ती दोस्ती वाटली. नेमसिंगलाही वाटली असावी. एकदा सराव संपल्यावर दोघे विहिरीवर पाय धूत होते, तेव्हा नेमसिंग म्हणाला, "तुझ्या भावाचं... खेळात होऊन जातं, मल्हारी."

मल्हारी त्याच्या नडगीवरून ओघळणारं पाणी बघत होता. म्हणाला, "व्हय. होऊन जातं."

मनात तो म्हणाला, थांब. आणखी थोडं थांब.

ढालीचे सामने सुरू झाले. वसमतनं कळमनुरीला चार गोल घातले, परभणीला तीन. त्यातले निम्म्याहून जास्त नेमसिंगचे. शेवटच्या सामन्याला मैदानाच्या चारी बाजूंना माणूस मावत नव्हता. नेमसिंग मैदानात उतरला तेव्हा हिंगोलीच्या बाजूनं "म्हातारा! फितूर!" असा ओरडा सुरू झाला. काही जणांनी जुन्या वहाणा फेकल्या. नेमसिंगचं तोंड काळवंडलं. मल्हारीनं ते बघितलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. या माणसाला या सामन्यात गोल पाहिजे होता. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याला दुसरं काही इतकं पाहिजे झालं नसेल.

म्हणून मल्हारीनं बेत बदलला. त्यानं पायाला हात लावला नाही. त्यानं बॉल देणं बंद केलं.

नेमसिंग मोकळा उभा होता, तेव्हा त्यानं बॉल डाव्या कडेला टाकला. नेमसिंग गोलासमोर हात वर करून ओरडत होता, तेव्हा त्यानं बॉल मागं नासेरकडे लोटला. एकदा तर नेमसिंगपुढं फक्त हिंगोलीचा गोलरक्षक उरला होता. मल्हारीच्या पायात बॉल होता. त्यानं नेमसिंगच्या डोळ्यांत बघितलं, आणि बॉल मैदानाबाहेर मारला. लोक हसायला लागले. म्हाताऱ्याला त्याची माणसंबी बॉल देईनात! तेच लोक, तेच हसणं. नेमसिंग मधोमध उभा राहून कधी इकडे, कधी तिकडे पळत होता, आणि प्रत्येक वेळी हसणं वाढत होतं.

दरम्यान हिंगोलीनं एक गोल घातला. नासेरनं आणखी चार तरी अडवले, नाहीतर तिथंच सगळं आटोपलं असतं.

हाफटाइमला मकबूल मुकादम मल्हारीच्या अंगावर धावून आला. शिव्या देता देता त्याचा आवाज चिरकला. मल्हारी लिंबाच्या झाडाखाली बसून पाणी पीत राहिला. मग नेमसिंग आला. त्यानं मुकादमाला हातानं बाजूला केलं आणि मल्हारीच्या समोर खाली बसला.

"आता कळलं मला," तो म्हणाला. "हंगामभर तू याचीच वाट बघून राहिला होता."

"व्हय."

"भावासाठी."

"व्हय."

मैदानापलीकडून अजून ओरडा ऐकू येत होता. नेमसिंगनं उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि उघडा पाय मल्हारीच्या मांडीजवळ ठेवला. घामेजलेला, पांढरा पडलेला, बोटं आखडलेली.

"हा घे," तो म्हणाला. "हा पाय तुमचा. पण आत्ता न्हाई. आत्ता मला बॉल दे. या लोकांपुढं मला दोन गोल मारू दे. मंग मी तुझ्या दारात येतो, अन् हा पाय तुझ्यापुढं ठेवतो. मोड. कुणाला काई सांगणार न्हाई. बापाची शपथ घेऊन सांगतो."

"कशावरून येशील?"

"तू मला इतकी वर्षं बघून राहिला. तुला ठावं पाहिजे, मी येईन का न्हाई."

मल्हारीनं त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच ठाऊक होतं. नेमसिंग दुष्ट असेल, मगरूर असेल, पण खोटा नव्हता. आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं, की समोर बसलेला हा माणूसही आपल्यासारखाच आतून पेटलेला आहे, त्याला फक्त जाळायचं दुसरं गाव आहे.

"बूट घाल," मल्हारी म्हणाला. "चल."

पहिला गोल लगेच झाला. मल्हारीनं न बघता बॉल टाकला आणि नेमसिंगनं तो जमिनीला टेकूही दिला नाही. ओरडा एकदम थांबला. मग बराच वेळ बॉल इकडून तिकडे, धूळ, ढकलाढकली. सूर्य छावणीच्या जुन्या बराकींमागं जाऊ लागला असताना मल्हारीनं आपल्या गोलाजवळ बॉल अडवला, मान वर केली आणि सगळ्या अंगाचा जोर काढून मारला. बॉल अर्धं मैदान ओलांडून गेला. खाली नेमसिंग होता. त्यानं त्या हैदराबादहून आणलेल्या नव्या पोराला खांद्यानं बाजूला केलं, दोन पावलं टाकली आणि मारला.

मल्हारी धावत गेला आणि त्यानं नेमसिंगला मिठी मारली. मारल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण कुणाला मिठी मारली. त्यानं हात सोडले नाहीत. कुणीतरी दोघांच्या अंगावर येऊन पडलं, मग आणखी कुणी, आणि त्या गर्दीखाली नेमसिंग त्याच्या कानात म्हणाला, "ध्यानात हाये माझ्या."

*

ढाल घेऊन गाडी वसमतला आली, तेव्हा सगळं गाव स्टेशनावर होतं. मकबूल मुकादम लहान पोरासारखा रडत होता. मल्हारीला खांद्यावर घेतलं, नेमसिंगला घेतलं. मल्हारी मात्र संधी मिळताच बाजूला झाला आणि पायवाटेनं शिरड शहापूरला निघाला. वाटेत तो मनाशी म्हणत होता, न्हाई यायचा तो. जिंकल्यावर कोण येतं? न आला तर बरं होईल. असं आपण म्हणतो आहोत याचा त्याला रागही येत होता. इतकी वर्षं जी गोष्ट उशाशी घेऊन झोपला, ती आता हातात येतेय तर हात मागं का जातोय?

तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या वेळेला नेमसिंग आला. एकटा, चालत. वाड्याच्या कुंपणाशी उभा राहून त्यानं रामराम केला. पंचफुलाबाईला तो कोण हे माहीत नव्हतं. तिनं पाहुणा म्हणून त्याला पाणी दिलं, घोंगडं अंथरलं. तो घोंगड्यावर बसला नाही.

मल्हारी बाहेर आला. "काहून आलास?"

"बोललो होतो."

"जा परत," मल्हारी हलक्या आवाजात म्हणाला. "झालं ते झालं. मी सोडलं तुला. ढाल मिळाली, मी भरून पावलो. जा, माझा भाऊ यायच्या आत जा."

"काहून जाईल?" मागून आवाज आला.

भुजंग मेंढरांच्या वाड्यातून सोटा टेकत येत होता. अंगाला लोकर चिकटलेली, डाव्या हातात दुधाचा गडवा. तो त्यानं आईकडे दिला. मग नेमसिंगसमोर येऊन उभा राहिला. दोघांनी एकमेकांना त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघितलं. भुजंग बारीक झाला होता. नेमसिंगच्या कानशिलाचे केस पांढरे झाले होते.

"काय बोलला होतास?" भुजंगनं विचारलं.

नेमसिंगनं सगळं सांगितलं. लिंबाखालचं बोलणं, शपथ, दोन गोल. काही लपवलं नाही. पंचफुलाबाईला आता तो कोण ते कळलं. ती हातातला गडवा खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

"मी सोडला त्याला," मल्हारी म्हणाला.

भुजंग त्याच्याकडे वळला. "तू सोडणारा कोण? पाय तुझा होता का?"

मल्हारी एक पाऊल मागं सरला.

"माझ्या पायाचं वैर तू इतकी वर्षं राखलंस," भुजंग म्हणाला. "माझ्या नावानं दात खाल्लेस, माझ्या नावानं बूट शिवलेस, माझ्या नावानं सौदा केलास, अन् माझ्याच नावानं आता सोडून राहिलास. मला एकदा तरी पुसलंस? तुला वाटलं, हा गप हाये म्हंजी याच्यात काई न्हाई." तो नेमसिंगकडे वळला. "एक सांग. जाणून मारला होता का?"

नेमसिंगनं विहिरीवर जे म्हटलं होतं, ते आता म्हटलं नाही. "जाणून," तो म्हणाला. "लोक हसले. मला सोसलं न्हाई."

भुजंगनं मान हलवली. इतकी वर्षं तो ज्या उत्तराची वाट बघत होता तेच आलं, असं त्याच्या तोंडावर दिसलं. कोपऱ्यात मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. तिच्याकडे त्यानं बोट केलं. "ठेव."

नेमसिंग गेला. खाली बसला. धोतर वर घेतलं आणि उजवा पाय डोणीच्या काठावर आडवा ठेवला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण पाय हलला नाही. मल्हारी पुढं झाला. "भुजंगा, ऐक..." पंचफुलाबाईनं त्याचा हात धरला. तिच्या पकडीत इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिला भुजंगला थांबवू द्यायचं नव्हतं. तिलाही बघायचं होतं.

भुजंगनं सोट्यानं आधी गुडघा चाचपला. तिथं सोटा थोडा थांबला. मग खाली सरकला, नडगीच्या मधोमध आला. भुजंगनं कुंपणाला पाठ टेकवली, दोन्ही हातांनी सोटा उचलला आणि खाली आणला.

एकदाच.

नेमसिंगच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. मेंढरं एका अंगाला पळाली. भुजंगनं सोटा टाकून दिला, घसरत खाली बसला आणि लगेच नेमसिंगच्या पायाला हात घातला. "आये, कामट्या आण. लोकर आण. तेल आण." मेंढरांचे मोडलेले पाय बांधून बांधून त्याचे हात तरबेज झालेले होते. त्यानं हाड ओढून जागेवर बसवलं, लोकर गुंडाळली, बांबूच्या कामट्या लावल्या, सुतळी आवळली. घाम त्याच्या नाकावरून नेमसिंगच्या पायावर पडत होता.

"गुडघा न्हाई घेतला," बांधता बांधता तो म्हणाला. "घेता आला असता. नडगी भरून येती. तू चालशील. पळणार न्हाईस. पावसाळ्यापर्यंत पडून राहा, अन् पडल्या पडल्या काय काय सुचतं ते बघ."

नेमसिंग शुद्धीवर होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

*

तसा पाय घेऊन त्याला कुठं नेणार? तो दोन महिने तिथंच राहिला, मेंढरांच्या वाड्याशेजारच्या छपरात. पंचफुलाबाई त्याच्यापुढं भाकरी सरकवायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. भुजंग दर आठवड्याला कामट्या सोडून बघायचा, तेल लावायचा, पुन्हा बांधायचा. दोघांचं बोलणं कामापुरतं. दुखतं का. इथं न्हाई, इथं. मल्हारी त्या छपराकडे फिरकायचा नाही. इतकी वर्षं छातीत एक निखारा होता, त्यावर तो जगला होता. आता तिथं काहीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेत काय ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. भुजंग मात्र झोपायला लागला. पूर्वी रात्री कूस बदलताना त्याचा सुस्कारा ऐकू यायचा. तो बंद झाला.

उन्हाळा तापायला लागला, तेव्हा भुजंगनं स्वतः बैलगाडी जुंपली. नेमसिंगला मागं बसवलं. मल्हारीही चढला. निघताना भुजंग म्हणाला, "पुन्हा इकडं येऊ नको."

"न्हाई येत," नेमसिंग म्हणाला.

जिनिंगच्या फाटकात मकबूल मुकादम उभा होता. नेमसिंग पाहुणा म्हणून शिरडला गेला आणि तिथं आजारी पडला, एवढंच त्याच्या कानावर होतं. त्यानं गाडीतला पाय बघितला, कामट्या बघितल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. "कुणी केलं?"

"चाक गेलं पायावरून," नेमसिंग म्हणाला.

"मी मोडला," मल्हारी त्याच क्षणी म्हणाला.

भुजंगनं कासरा आवळला. "दोघं खोटं बोलून राहिले, मुकादम. माझा हात होता."

मुकादम तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. चाकाच्या गोष्टीवर त्यानं क्षणभरही विश्वास ठेवला नाही. शेवटी तो मल्हारीपाशी थांबला. "हात कुणाचाबी असू दे. बॉल न देणारा तू होतास. हे तिथून सुरू झालं. माझ्या मैदानात पुन्हा पाय ठेवू नको."

मल्हारी मुकाट्यानं गाडीतून उतरला. हंगामाचं काम त्यानं तिथंच सोडलं आणि मेंढरं घेऊन रानात जायला लागला. नेमसिंग जिनिंगमध्येच राहिला, यंत्रावर बसून काम करत, चालताना थोडा लंगडत. पुढच्या हिवाळ्यात त्याच्याविना आणि मल्हारीविना वसमत पहिल्याच सामन्यात कळमनुरीकडून हरलं. त्याच्या पुढच्या वर्षी हिंगोलीनं सहा गोल घातले. मग मुलखात धामधूम सुरू झाली, रझाकार आले, गावं ओस पडू लागली, आणि ढालीचे सामने कायमचे बंद झाले. वसमतच्या नावावर जिंकलेली ढाल एकच राहिली.

अठ्ठेचाळीसच्या थंडीत, सगळं निवल्यावर, रानात मेंढरांमागं चालताना मल्हारीनं भावाला विचारलं. भुजंग गाडीत बसून त्याच्या मागं येत होता. "एक सांग. नेमसिंगच्या पायाचा पश्चात्ताप होतो का?"

भुजंगनं बराच वेळ विचार केला. थट्टा नाही, खरोखर विचार केला.

"न्हाई," तो म्हणाला, आणि बैलांना हाक मारून गाडी पुढं काढली.